नऊ प्रश्नांचा कागद

कागद साधा आहे. डावीकडे नऊ प्रश्न, उजवीकडे चार रकाने. गेल्या पंधरवड्यात कशात गोडी वाटेनाशी झाली आहे का? मन उदास आहे का? झोप उडाली आहे का, की झोप सरतच नाही? मग अंगातलं त्राण, भूक, स्वतःबद्दल वाटणारी लाज, एकाग्रता, मंदावलेली किंवा अस्वस्थ झालेली हालचाल यांची चौकशी. नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा. प्रत्येक उत्तराला शून्य ते तीन गुण, सगळी बेरीज जास्तीत जास्त २७. दहा किंवा त्याहून जास्त झाली तर माणसाला नीट बसवून विचारायला हवं. वीस किंवा त्याहून जास्त झाली तर वेळ दवडायचा नाही.

या कागदाचं नाव ‘पीएचक्यू-९’. रॉबर्ट स्पिट्झर, जॅनेट विल्यम्स आणि कर्ट क्रोंके या तिघांचं नाव त्याच्याशी जोडलेलं आहे आणि तो कितपत भरवशाचा आहे याचा अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. कागदाच्या तळाशी बारीक अक्षरांत एक ओळ असते: छापायला, भाषांतर करायला, वाटायला कुणाची परवानगी लागत नाही. ‘ज्ञान कुणाच्या मालकीचं?’ हा अंकाचा विषय हाती घेताना सुरुवात या ओळीपासून करावीशी वाटते, कारण तिच्यामुळेच हा कागद जगभर पोहोचला. गोव्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत आणि विदर्भातल्या गावापर्यंतही तो आला.

हा कागद तयार करायला पैसा फायझरने दिला, हेही सांगायला हवं. ही कंपनी नैराश्यावरचं औषध विकत होती. निदान वाढलं तर तिचा फायदाच होता. पण कागद मोकळा सुटला आणि कंपनीच्या हिशेबाबाहेर गेला. पुढे गोव्यात तो हाती धरून जे उपचार झाले, त्यांचा गाभा गोळीचा नव्हता, बोलण्याचा होता.

कुलूप लागतं तेव्हा

याच्या उलट गोष्ट एका दुसऱ्या कागदाची. स्मृतिभ्रंश ओळखायला जगभरचे डॉक्टर वर्षानुवर्षं एक छोटी चाचणी वापरत आले: आज वार कोणता, आपण कुठे आहोत, तीन वस्तूंची नावं लक्षात ठेवा, शंभरातून सात वजा करत जा. मार्शल आणि सुझन फोल्स्टीन आणि पॉल मॅकह्यू यांनी ती १९७५ मध्ये एका नियतकालिकात छापली. पुढची पंचवीस वर्षं पाठ्यपुस्तकांत, शिकाऊ डॉक्टरांच्या खिशातल्या डायऱ्यांत, वॉर्डातल्या झेरॉक्स प्रतींत ती मुक्तपणे फिरत राहिली. २००१ मध्ये तिचे हक्क एका अमेरिकन प्रकाशन कंपनीकडे गेले आणि प्रत्येक फॉर्ममागे पैसे मागायला सुरुवात झाली. हार्वर्डमधल्या संशोधकांनी ‘स्वीट सिक्स्टीन’ नावाची सोळा गुणांची पर्यायी चाचणी काढून मोफत ठेवली होती, तीही काही काळातच इंटरनेटवरून काढून घ्यावी लागली. या सगळ्यावर ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये २०११ साली लेख आला.

‘आज वार कोणता?’ या प्रश्नावर मालकी सांगता येते, हे सामान्य माणसाला पटणार नाही. मानसोपचारात मात्र त्याने फार फरक पडतो. या शाखेत रक्त काढून निदान होत नाही, एक्स-रेत काही दिसत नाही. प्रश्न विचारणं हीच इथली तपासणी, बोलणं हाच बराचसा उपचार. म्हणून इथलं ज्ञान शब्दांत असतं. ते शब्दच कुलपात गेले, तर दवाखान्यात हातात धरायला काही उरत नाही.

कुफुंगिसिसा आणि टेन्शन

१९९०च्या दशकात विक्रम पटेल हे तरुण मानसोपचारतज्ज्ञ झिम्बाब्वेच्या हरारे शहरात काम करत होते. तिथल्या शोना भाषेत ‘डिप्रेशन’ला नेमका शब्द नव्हता. लोक म्हणत, ‘कुफुंगिसिसा’ झालं आहे. म्हणजे विचारांचा अतिरेक, डोक्यात चक्र थांबत नाही. पुढे त्याच शहरात डिक्सन चिबांडा यांनी आजीबाईंना दवाखान्याच्या आवारातल्या बाकावर बसवून समुपदेशन सुरू केलं, तेव्हाही तोच शब्द कामी आला.

आपल्याकडे तरी दुसरं काय? नैराश्य, अवसाद, औदासीन्य हे शब्द पुस्तकांत आणि वर्तमानपत्रांत. आरोग्य केंद्रात आलेली बाई ते उच्चारत नाही. ती म्हणते, डोकं जड झालंय, छातीत धडधडतं, हातापायांत मुंग्या येतात, कशात जीव रमत नाही. फार खोदून विचारलं तर ‘टेन्शन आहे’ म्हणते. इंग्रजीतून आलेला हा शब्द मराठीत आणि कोकणीत इतका मुरला आहे की त्याच्यासारखा उपयोगी शब्द मानसशास्त्राच्या पारिभाषिक कोशात सापडणार नाही. त्यात लाज नाही, वेडाचा वास नाही. टेन्शन कुणालाही येतं.

पटेल यांनी २००३ मध्ये ‘व्हेअर देअर इज नो सायकायट्रिस्ट’ हे पुस्तक लिहिलं, तेव्हा त्यांनी हेच धरून ठेवलं. नाव घेतलं ते डेव्हिड वर्नर यांच्या ‘व्हेअर देअर इज नो डॉक्टर’वरून. वर्नर यांनी मेक्सिकोच्या डोंगराळ गावांतल्या आरोग्यसेवकांसाठी आधी स्पॅनिशमध्ये ते पुस्तक लिहिलं आणि नफ्यासाठी नसेल तर हवं तेवढं छापा, असं सांगून टाकलं. पटेल यांच्या पुस्तकाची रचना आजारांच्या नावांनी होत नाही, तक्रारींवरून होते. झोप न येणारा माणूस, जिवाचं बरंवाईट करण्याचा विचार बोलणारा माणूस, फार पिणारा माणूस. पान उघडायचं ते समोरच्या माणसाकडे पाहून. आरोग्यसेविकेला आधी ‘हा कोणता विकार?’ हे ठरवावं लागत नाही. २०१८ मध्ये शार्लट हॅनलन यांच्यासह त्याची दुसरी आवृत्ती निघाली.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्ये ‘एमएच-गॅप’ नावाची मार्गदर्शिका काढली, तीही याच धाटणीची आणि मोफत. मानसोपचारतज्ज्ञ नसलेल्या डॉक्टर-परिचारिकांनी काय विचारायचं, काय द्यायचं, कधी पुढे पाठवायचं हे तिच्यात पायरीपायरीने मांडलं आहे. हा सगळा खटाटोप का, हे राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणाने (२०१५-१६) दाखवलं. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने केलेल्या त्या पाहणीत निरनिराळ्या मानसिक आजारांच्या ७० ते ९२ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोहोचलेले नव्हते. देशात लाख लोकांमागे एक मानसोपचारतज्ज्ञही भरत नाही. तज्ज्ञांची वाट पाहत बसलो तर आणखी दोन पिढ्या तशाच जातील.

आरोग्य केंद्रातली खुर्ची

पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये गोव्यात ‘संगात’ ही संस्था काढली. नाव कोकणी, अर्थ सोबत. पर्वरीतून सुरू झालेल्या या कामाने पुढे मानसोपचाराच्या ज्ञानाला खरी कसोटी लावली: हे ज्ञान पदवी नसलेल्या माणसाच्या हाती दिलं तर रुग्ण बरे होतात का?

गोव्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात सकाळची ओपीडी सुरू झाली की डॉक्टरांना एका रुग्णामागे मोजकीच मिनिटं मिळतात. नाव, तक्रार, रक्तदाब, गोळ्या, पुढचा. बांबोळीच्या मानसोपचार संस्थेचं नाव काढलं की घरचे दचकतात. अशा केंद्रात एक जादा खुर्ची ठेवायची, त्यावर स्थानिक माणूस बसवायचा, त्याला ‘मानसिक’ हा शब्द न लावता ‘हेल्थ कौन्सिलर’ म्हणायचं, एवढीच मूळ कल्पना. ‘मनशांती सुधार शोध’ म्हणजे ‘मानस’ या नावाने ती २४ दवाखान्यांत तपासली गेली, १२ सरकारी आणि १२ खासगी. सुमारे २,८०० रुग्ण त्यात होते. २०१० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार सरकारी केंद्रांत समुपदेशक असलेल्या ठिकाणी सहा महिन्यांनी सुमारे ६६ टक्के रुग्ण बरे झाले होते. समुपदेशक नव्हता तिथे हे प्रमाण ४२ टक्क्यांच्या आसपास राहिलं.

खासगी दवाखान्यांत मात्र फरक पडला नाही. ही गोष्ट लपवली गेली नाही, छापली गेली, आणि ती विचार करायला लावते. खासगी दवाखान्यातला फॅमिली डॉक्टर पेशंटला वर्षानुवर्षं ओळखतो, घरची चौकशी करतो, दोन शब्द बोलतो. जिथे बोलणारं माणूस आधीच होतं, तिथे नव्या खुर्चीने फारशी भर घातली नाही.

त्यानंतरचा प्रयोग तीव्र नैराश्य असलेल्या रुग्णांवर झाला. ‘हेल्दी अॅक्टिव्हिटी प्रोग्रॅम’ हे त्या उपचाराचं नाव. त्यातही आजाराचा उल्लेख नाही. सहा ते आठ भेटी, प्रत्येक भेट अर्धा-पाऊण तासाची. रुग्णाला केंद्रापर्यंत येणं झेपत नसेल तर समुपदेशक घरी जातो.

उपचाराचं सूत्र कळायला सोपं आणि पाळायला कठीण आहे. समजा, एका बाईने तुळशीला पाणी घालणं सोडलं आहे, बाजाराला जाणं सोडलं आहे, शेजारणीकडे बसणं सोडलं आहे. ‘मन बरं झालं की करीन’ असं ती म्हणते. समुपदेशक तिला उलट दिशेने नेतो: आधी थोडं करू, मग मन काय म्हणतं ते पाहू. एक तक्ता असतो, दिवस आणि कामं. सोमवारी सकाळी तुळस. बुधवारी शेजारच्या बाईबरोबर बाजार. काम केल्यावर कसं वाटलं, तेही तिथेच लिहायचं. लिहिता येत नसेल तर खूण करायची. पुढच्या भेटीत दोघं तो तक्ता घेऊन बसतात. जे जमलं नाही त्याबद्दल रागवायचं नाही, कुठे अडलं ते शोधायचं. नवरा पितो आणि पैसे देत नाही म्हणून बाजार अडला असेल, तर मग बोलणं त्या अडचणीवर.

दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांतल्या ४९५ रुग्णांवर याची परीक्षा झाली. तीन महिन्यांनी उपचार घेतलेल्यांपैकी ६४ टक्क्यांची लक्षणं ओसरली होती, बाकीच्या गटात ३९ टक्क्यांची. वर्षानंतरही फरक टिकून होता. दारूच्या समस्येसाठी केलेल्या जोड-उपचाराचा परिणाम याहून कमी होता, ३७७ पुरुषांमध्ये ३६ टक्के विरुद्ध २६ टक्के, पण होता. दोन्ही उपचारांची मॅन्युअल्स संस्थेने मोफत उपलब्ध करून दिली. दारूवरच्या मॅन्युअलच्या लेखकांत साताऱ्याचे डॉ. हमीद दाभोलकर आहेत.

टेप ऐकण्याचा दिवस

मॅन्युअल डाउनलोड करून घेणं हे काम पाच मिनिटांचं. पण पुस्तक हातात पडलं म्हणून समुपदेशन येत नाही, जसं पाककृती वाचून पुरणपोळी लाटता येत नाही. गोव्यातल्या प्रयोगाचा सगळ्यात कमी चर्चा झालेला आणि बहुधा सगळ्यात मोलाचा भाग इथे आहे.

समुपदेशकांना तीन आठवड्यांचं प्रशिक्षण मिळालं, मग देखरेखीखाली प्रत्यक्ष काम. रुग्णाच्या परवानगीने भेटींचं ध्वनिमुद्रण व्हायचं. ठरलेल्या दिवशी समुपदेशक एकत्र बसून एकमेकांच्या टेप ऐकायचे आणि ठरावीक निकषांवर गुण द्यायचे. घाई केली का? रुग्ण रडत असताना तक्त्याकडे वळला का? उपदेश झाडला का? आपल्याच सहकाऱ्याच्या तोंडावर हे सांगणं सोपं नसतं. सुरुवातीला तज्ज्ञ सोबत असत. पुढे अनुभवी झालेले समुपदेशक स्वतःच हे गट चालवू लागले. त्यांनी दिलेले गुण तज्ज्ञांच्या गुणांशी बरेच जुळतात, असं आढळलं.

‘उपदेश झाडणं’ हा आपल्याकडचा जुना रोग आहे. ‘मनाला लावून घेऊ नकोस’, ‘देवाचं नाव घे’, ‘लग्न करा म्हणजे ठीक होईल’ हे सल्ले प्रेमापोटी दिले जातात आणि माणसाला आणखी एकटं पाडतात. टेप लावली की ही वाक्यं आपल्याच आवाजात ऐकू येतात.

अमरावतीची तीस गावं

विदर्भात हीच वाट वेगळ्या जमिनीवर गेली. अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत ‘विदर्भ स्ट्रेस अँड हेल्थ प्रोग्रॅम’ राबवला गेला. त्यातली अक्षरं जुळवली की ‘विश्राम’. गावातलेच कार्यकर्ते छोट्या बैठका घ्यायचे, ताणाबद्दल बोलायचे, ज्याला गरज असेल त्याला समुपदेशकाकडे आणि त्याहून जड असेल तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जोडून द्यायचे. राहुल शिधये आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये मांडलेल्या आकड्यांनुसार नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. गेल्या वर्षभरात आत्महत्येचा विचार मनात आल्याचं सांगणारे ५.२ टक्के होते, ते २.५ टक्के झाले. इथे गोव्यासारखा तुलनेचा गट नव्हता. आधी आणि नंतरची ती पाहणी होती. आकडा वाचताना तेवढं भान ठेवायला हवं.

स्किझोफ्रेनियाच्या बाबतीत घाई करून चालत नाही, हेही अशाच तपासणीतून समोर आलं. सातारा, गोवा आणि तामिळनाडूत २८२ रुग्णांवर झालेल्या अभ्यासात सामाजिक कार्यकर्त्यांनी घरी जाऊन केलेल्या मदतीने लक्षणं आणि रोजच्या जगण्यातली अडचण थोडी कमी झाली. कलंकाची भावना मात्र तशीच राहिली. २०१४ मध्ये हे ‘लॅन्सेट’मध्ये आलं. मोफत ज्ञानाचा कळवळा असणाऱ्याने असे बेताचे निकाल आधी सांगावेत. त्यामुळेच लोकांचा विश्वास बसतो.

मोकळं, पण कुणासाठी?

गोव्यातले हे निबंध वाचायला पैसे पडत नाहीत, कारण वेलकम ट्रस्टच्या पैशाने झालेलं संशोधन सर्वांना खुलं ठेवावं लागतं. आपल्याकडेही या बाबतीत कौतुकाने सांगावी अशी गोष्ट घडली, आणि ती मुंबईत. परळच्या केईएम रुग्णालयातून निघणारं ‘जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन’ इंटरनेटवर मोफत ठेवण्यात पुढाकार घेणारे डॉ. देवकुमार साहू यांनी ‘मेडनो’ ही प्रकाशनसंस्था उभी केली. तिथली बहुतेक नियतकालिकं वाचकाकडून पैसे घेत नसत आणि लेखकाकडूनही. ‘इंडियन जर्नल ऑफ सायकायट्री’ तिथेच आलं. भारतीय मानसोपचार संघटनेच्या उपचार-मार्गदर्शिका त्यात कुणालाही वाचता येतात. २०११ मध्ये मेडनो एका बहुराष्ट्रीय प्रकाशनाने विकत घेतली.

१ जानेवारी २०२५ पासून केंद्र सरकारची ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजना सुरू झाली. ३० प्रकाशकांची १३,००० नियतकालिकं, तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये. सरकारी विद्यापीठं, महाविद्यालयं आणि संशोधनसंस्था यांच्यासाठी ती मोठीच सोय आहे. पण तालुक्याच्या गावी स्वतःचा दवाखाना चालवणारा डॉक्टर तिच्यात बसत नाही, स्वयंसेवी संस्थेतली समुपदेशक बसत नाही, आणि रुग्णाच्या घरच्यांचा तर प्रश्नच येत नाही.

घरच्यांना तर सगळ्यात आधी कळायला हवं. नैराश्यावरची गोळी सुरू केली की पहिल्या आठवड्यात मळमळ होऊ शकते, परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे लागतात, बरं वाटू लागलं तरी ती काही महिने चालू ठेवायची असते आणि थांबवताना डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करायची असते. एवढा मजकूर पोस्टकार्डावर मावेल. तो कुणी नीट सांगितला नाही तर गोळी पंधरवड्यात बंद होते आणि घरात ‘औषधाने काही फरक पडत नाही’ असा निकाल लागतो. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ याचं कलम २२ म्हणतं की आजार काय आहे, उपचार कोणता आणि त्याचे दुष्परिणाम कोणते हे रुग्णाला त्याला समजेल अशा भाषेत आणि स्वरूपात कळलं पाहिजे. म्हणजे मराठीत माहिती देणं हा उपकार नाही, तो हक्क आहे. प्रिस्क्रिप्शनसोबत एक मराठी पान देण्याची सवय लागली, तर या कलमाला अर्थ येईल.

मराठी समाजात हे काम काहींनी कायद्याच्या कितीतरी आधी सुरू केलं. कॅनडातल्या कॅल्गरी विद्यापीठात संख्याशास्त्र शिकवणारे डॉ. जगन्नाथ वाणी यांनी पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनचा पाया घातला. तिथे रुग्णांचे नातेवाईक एकमेकांना भेटतात, औषधांबद्दल आणि पुन्हा उफाळणाऱ्या आजाराबद्दल आपसांत बोलतात. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘देवराई’मागेही (२००४) वाणींची तळमळ होती. हजारो मराठी घरांनी ‘स्किझोफ्रेनिया’ हा शब्द त्या चित्रपटातून प्रथम नीट ऐकला. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी आणि त्यांच्या ‘आयपीएच’ संस्थेतल्या सहकाऱ्यांनी व्याख्यानं, पुस्तकं आणि अलीकडे व्हिडिओंमधून मनाच्या आजारांवर चांगल्या मराठीत बोलण्याची वहिवाट घालून दिली.

नववा प्रश्न

पुन्हा त्या कागदाकडे. आठ प्रश्न विचारून झाले की विचारणाऱ्याचा आवाज हलका होतो. मरणाचे विचार येतात का, हे विचारायला नव्या माणसाचं मन धजावत नाही. विचारलं तर आपणच तो विचार डोक्यात घालू, ही भीती डॉक्टरांतही असते. उपलब्ध अभ्यास याच्या उलट सांगतात: थेट विचारल्याने धोका वाढत नाही, उलट बऱ्याच जणांना कुणीतरी विचारलं याने हलकं वाटतं. जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शिकाही स्पष्ट विचारायलाच सांगते.

उत्तर ‘हो’ आलं तर पुढे काय, हेही तिथे लिहिलेलं आहे. माणसाला एकटं सोडायचं नाही. विचार आहे की बेतही ठरला आहे, ते विचारायचं. त्याच्या संमतीने, आणि धोका मोठा असेल तर त्यासाठी न थांबता, घरच्या माणसाला बोलवायचं. घरातलं कीटकनाशक, साठवलेल्या गोळ्या हाताला लागणार नाहीत अशा ठेवायच्या. वऱ्हाडातल्या शेतकऱ्याच्या घरात फवारणीचा डबा कुठे असतो हे विचारणं म्हणजे वैद्यकीय प्रश्नच विचारणं. मग तज्ज्ञाशी बोलायचं. रात्री-अपरात्री कुणी हाताशी नसेल तर ‘टेली-मानस’चा १४४१६ हा क्रमांक आहे. १० ऑक्टोबर २०२२ पासून तो सुरू आहे, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं.

म्हणून समुपदेशकाच्या प्रशिक्षणात नववा प्रश्न मोठ्याने विचारण्याचा सराव करावा लागतो. जोडीजोडीने बसायचं, एकाने रुग्ण व्हायचं, दुसऱ्याने विचारायचं. पहिल्यांदा वाक्य अर्ध्यावर तुटतं, कुणी नजर चुकवतं, कुणी ‘तसं काही नाही ना?’ असं विचारून टाकतं, म्हणजे ‘नाही’ हे उत्तर आपणच पुढे करतं. मग पुन्हा. कागद खाली ठेवायचा, समोरच्याकडे पाहायचं, आणि आपल्या रोजच्या भाषेत तेच वाक्य शेवटपर्यंत बोलायचं.